वेलांटीचे तीन बाइट

आमच्या पतसंस्थेनं नवीन सॉफ्टवेअर बसवलं, त्याच आठवड्यात मी ठेवीचा हप्ता भरायला गेलो. पावती हातात पडली. नाव बरोबर, रक्कम बरोबर, तारीखही बरोबर. गावाच्या रकान्यात मात्र 'बेळगाव' छापून त्याच्या शेपटाला एक काळी शंकरपाळी चिकटवलेली, आणि शंकरपाळीच्या पोटात पांढरं प्रश्नचिन्ह.

मी पावती खिडकीतून परत सरकवली. कारकुनानं ती उजेडात धरली, फुंकली, नखानं खरवडून पाहिली. "प्रिंटरात कचरा असणार," म्हणाला आणि दुसरी काढली. तिच्यावरही शंकरपाळी. माझ्यामागच्या बाईंच्या पावतीवरही तीच. बेळगावात चर्चा पेटायला फार लाकडं लागत नाहीत. ओळीतला एकजण म्हणाला, बेंगळूरहून आदेश आला असणार. दुसऱ्याला मुंबईचा संशय. शेवटी काळी टोपी घातलेले एक आजोबा काठी टेकत पुढं आले, पावती नाकाला लावून वाचली आणि निवाडा दिला, "बरोबरच छापलंय की वो. कोर्टात केस चालू हाय. निकाल लागुस्तोवर प्रश्नचिन्हच ऱ्हाणार."

बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा खटला २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळं आजोबांच्या म्हणण्यात खोट काढायला कुणाला जागाच सापडली नाही. मंडळी आपापलं प्रश्नचिन्ह घडी करून खिशात घालून घरी गेली.

आमची ताई निपाणीला दिलेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बेंगळूरला संगणकाच्या कंपनीत असतो. अकरावी-बारावीला तो देवचंद कॉलेजात होता. हे कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात. म्हणजे पोरगा सकाळी कर्नाटकात दात घासायचा आणि अर्ध्या तासात महाराष्ट्रात हजेरी द्यायचा. सीमाप्रश्न समजून घ्यायला एवढी पात्रता पुरावी. सुट्टीला आला तेव्हा मी पावती त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन चालवायला सुरुवात केली.

"मामा, गावाच्या रकान्याला २० बाइट जागा ठेवलीय. आता हे बघा."

बाइट म्हणजे संगणकातली एक खोली. इंग्रजी अक्षर एका खोलीत राहतं. आपलं अक्षर यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत तीन खोल्या अडवतं. त्यातही आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते संगणकाच्या लेखी एक नसतं. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, आणि प्रत्येकाला तीन-तीन खोल्या. 'बेळगाव' म्हणजे ब, मात्रा, ळ, ग, काना, व. सहा खुणा, १८ बाइट. विसात मजेत बसतं, वर दोन खोल्या पाहुण्यांना शिल्लक. पण १ नोव्हेंबर २०१४ पासून गाव कागदोपत्री बेळगावी झालं, आणि नव्या सॉफ्टवेअरात ते तसं भरलं गेलं. व ला वेलांटी आली. सात खुणा, २१ बाइट.

"मग एक बाइट बाहेर राहिला," भाचा म्हणाला. "वेलांटीचे दोन तुकडे आत आले, तिसऱ्याला दारातच अडवलं. दोन तुकड्यांची वेलांटी वाचता येत नाही, म्हणून संगणक शंकरपाळी काढतो."

मी पावतीकडं बघतच राहिलो. मोर्चे झाले, ठराव झाले, अधिवेशनं झाली, पाट्यांना डांबर फासून झालं, आणि पावतीपुरता तो सगळा वाद एका वेलांटीवर येऊन उभा. त्या वेलांटीचीही दोन तृतीयांश आत, एक तृतीयांश बाहेर अशी वाटणी. महाजन आयोगानं १९६७ साली २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव कर्नाटकात ठेवावं असं सुचवलं, ते कुणाला पटलं, कुणाला नाही. पण अक्षर मधोमध तोडायचं महाजनांनाही सुचलं नव्हतं.

"पण वीसच का?" मी विचारलं.

"लिहिणाऱ्यानं इंग्रजीत विचार केला. इंग्रजीत बेळगावी आठ अक्षरांत संपतं. वीस म्हणजे त्याला ऐसपैस वाटलं असणार." मग त्यालाच गंमत वाटून त्यानं पेन पुन्हा उघडलं आणि लिहिलं, ॥ श्री ॥. मोजलं. सुरुवातीचा दंड ३, मोकळी जागा १, श्री मध्ये श, पायमोड, र, वेलांटी मिळून १२, पुन्हा जागा १, शेवटचा दंड ३. बरोबर २०. म्हणजे आपल्याकडचा माणूस रीतीप्रमाणं वर श्री घालून लिहायला बसला, की नाव येण्याआधीच जागा भरली. नास्तिकाची मात्र सोय झाली.

मग शेजारी 'निपाणी' लिहून बघितलं. १८, बसते. कन्नडमध्ये गावाला निप्पाणी म्हणतात. प ला प जोडलेला, आठ खुणा, २४ बाइट. बसत नाही. ही बातमी आमच्या दाजींना फार आवडली. महाजन आयोगानंही निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं होतं. "बघा पावणं," ते मला म्हणाले, "आयोगाला जे कळलं ते मशीनलाबी कळतंय."

हे तीन-तीन खोल्यांचं प्रकरण कुणी ठरवलं, तर अमेरिकेतल्या दोन माणसांनी, आणि तेही जेवताना. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसले होते. ताटाखाली घालतात त्या कागदावर थॉम्प्सननी यूटीएफ-८ ची मांडणी लिहून काढली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक खुणेला युनिकोडनं एक क्रमांक दिलेला असतो. त्या कागदावर ठरलं असं, की पहिले १२८ क्रमांक एका बाइटात, २०४७ पर्यंतचे दोन बाइटांत, पुढचे ६५,५३५ पर्यंत तीन बाइटांत. इंग्रजी अर्थातच पहिल्या वर्गात. ग्रीक, रशियन, अरबी, हिब्रू ही मंडळी दुसऱ्या वर्गात. आणि देवनागरी सुरू होते २३०४ क्रमांकावर.

म्हणजे आपला दोन बाइटांचा प्रवेश अवघ्या २५७ क्रमांकांनी हुकला. ज्या घरात सीईटीचा कट-ऑफ लागून गेलाय, त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. भाचा म्हणतो, ह्यात कुणाचा डाव नाही, आधी कुठली लिपी कुठं बसवली एवढाच प्रश्न. ताईचं म्हणणं वेगळं. त्याच्या स्वतःच्या प्रवेशाच्या वेळीही सगळे असंच म्हणाले होते.

मी मनात आणखी एक धास्ती धरून होतो. ती शेवटी विचारलीच. "आणि कन्नडला किती?"

"तीन."

"नक्की?"

"मामा, पहिला बाइटसुद्धा एकच. देवनागरीचा २२४, कन्नडचाही २२४. दुसऱ्या बाइटला फरक पडतो. आपला १६४ किंवा १६५, त्यांचा १७८ किंवा १७९."

आडनाव एकच म्हणायचं. गल्ली तेवढी वेगळी.

त्याच्याही मागं जुनी गोष्ट आहे आणि ती मला जास्त आवडली. युनिकोड घरोघर पोचण्याआधी आपल्याकडं इस्की नावाचं भारतीय मानक होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान त्याच्यावर चालायचं. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली ते मानक पक्कं केलं. त्यात 'क' एका बाइटात बसायचा, आणि मराठीचा क, कन्नडचा क, तेलुगूचा क, सगळ्यांचा क एकच. दाखवताना कुठल्या लिपीत दाखवायचा ते वरून सांगायचं. लिपी बदलली की तोच मजकूर देवनागरीतून कन्नडमध्ये जाऊन उभा. भाषांतर नव्हे हो, फक्त सदरा बदलला. एकत्र कुटुंब होतं ते. एकच चूल, जेवायला बसताना तेवढी ताटं निराळी.

युनिकोडनं वाटणी केली. प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिलं, पण नकाशा इस्कीचाच ठेवला. स्वयंपाकघर जिथं तिथंच, देवघर जिथं तिथंच. देवनागरीचा क २३२५ वर, कन्नडचा ३२२१ वर. फरक ८९६. ख घ्या, ग घ्या, ळ घ्या, प्रत्येक ठिकाणी फरक ८९६. देवनागरीत ८९६ मिळवले की कन्नड, कन्नडमधून ८९६ वजा केले की देवनागरी. एखादं घर रिकामं सापडतं, एखाद्यात भलताच भाडेकरू निघतो, पण मूळाक्षरांचा हिशेब चोख. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. उरलेली ३१ कुठली म्हणून विचारू नका, नवीन आघाडी उघडायची माझी तयारी नाही.

आता दाजींकडं वळतो. त्यांचं निपाणीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तंबाखूच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं, वाढदिवसाचे फलक, सगळं तिथं होतं. दुकानाची पाटी बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी भाच्याच्या ज्ञानाचा उपयोग करून घेतला. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड असावं लागतं. दाजींचा हिशेब असा, की कन्नडच्या दहा खुणा म्हणजे ३० बाइट, आणि इंग्रजीची वीस अक्षरं म्हणजे २० बाइट. पन्नासात तीस. झाले की ६० टक्के! पाटी मोजायला येणारा माणूस टेप घेऊन येतो, बाइट मोजायचं यंत्र घेऊन येत नाही, ही अडचण ताईनं दाखवून दिली.

स्वतः दाजी मात्र युनिकोडच्या कट्टर विरोधात. "ह्याला वजन लई, पावणं. आमच्या फॉन्टात एक अक्षर म्हंजे एक बाइट. मशीन कसं पळतंय बघा." हे अगदी खोटं नाही. जुन्या फॉन्टांची युक्ती अशी, की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवायची आणि पडद्यावर त्यांना मराठी सदरा घालायचा. फाइल हलकी, मशीन खूश. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की मात्र सदरा उतरतो, आणि वधूपक्षाच्या नावाच्या जागी असं काही दिसतं की ते वाचून मुलीचा बाप लग्न मोडेल.

भाच्यानं सुट्टीचे दोन दिवस घालवून दाजींच्या १९९८ पासूनच्या पत्रिका युनिकोडमध्ये आणल्या. फायली फुगल्या, जवळजवळ तिप्पट. दाजींनी काही न बोलता आकड्याकडं फक्त बोट दाखवलं. मग भाच्यानं नावांची यादी अकारविल्हे लावून दाखवली. आधी जुन्या फॉन्टात लावली होती ती यादी मी पाहिलेली आहे. त्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, कारण ती दिसते आधी. त्यामुळं किरण, निवृत्ती, विलास आणि शिवाजी हे चौघे, एकमेकांचा काही संबंध नसताना, वेलांटीच्या आडोशाला एका रांगेत उभे होते. युनिकोडमध्ये ते आपापल्या जागी गेले. मशीन पळत होतं हे खरं, पण कुठं पळत होतं ते मशीनलाच ठाऊक नव्हतं.

"आता शोधून दाखवतो," म्हणून भाच्यानं 'पाटील' टाकलं. निपाणी परिसरात पाटील शोधणं म्हणजे पावसात पाणी शोधणं. पडदा भरून वाहिला.

"सौंदलग्याच्या पाटलांची थोरली," दाजी डोळे मिटून म्हणाले. "दोन हजार सात. मे महिना. पिवळी पत्रिका, गणपती डावीकडं." कपाटातनं पत्रिका काढून त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा भाचा अजून पडदा खाली सरकवत होता.

मग भाच्यानं चिडून 'दुसऱ्या' हा शब्द शोधला. 'दुसऱ्या रेल्वे गेटजवळ' हे बेळगावच्या निम्म्या कार्यालयांच्या पत्त्यात असतंच. उत्तर आलं, काही सापडलं नाही. समोर पत्रिका, तिच्यावर 'दुसऱ्या' ठळक छापलेलं, आणि मशीन म्हणतंय नाही! कारण काय, तर आपला हा जो र चा पापणीसारखा अर्धा आकार आहे, तो लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत वेगळा ऱ घेतात, पायमोड देतात, य जोडतात. नऊ बाइट. दुसरीत साधा र, पायमोड, मग डोळ्याला न दिसणारी एक जोडखूण, मग य. बारा बाइट. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला दोन परके शब्द. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं एक तऱ्हा वापरली होती, भाच्याच्या कळफलकानं दुसरी. शोधण्याआधी सगळा मजकूर एका तऱ्हेचा करून घ्यावा लागतो, आणि त्याला पुन्हा वेळ लागतो. दाजींनी त्या दिवशी दुकानातल्या पोराला सगळ्यांसाठी चहा सांगायला लावला.

वेळ नक्की कुठं जातो, ते भाच्यानं मला कोगनोळीच्या टोलनाक्यावर समजावलं. आम्ही कोल्हापूरला निघालो होतो, पुढं ट्रकांची रांग. "प्रोसेसर एका दमात आठ-आठ बाइट उचलतो," तो म्हणाला. "इंग्रजी बाइटाचा पहिला बिट कायम शून्य असतो. आठही शून्य दिसले की फास्टॅग वाजला, गाडी सुटली. मराठी आलं की पहिला बाइट सांगतो, माझ्यामागं अजून दोघं आहेत. मग त्या दोघांचे कागद तपासायचे, तिघं एकाच घरचे का ते बघायचं, जोडून क्रमांक काढायचा, मग पुढं." आमच्या पुढं एक केए-२३ चा ट्रक होता आणि त्याच्यापुढं एमएच-०९ चा. दोघंही थांबलेले, दोघांचे ड्रायव्हर खाली उतरून एकाच काडीवर विडी पेटवत होते.

"तसंच कन्नडचं?" मी विचारलं.

"अगदी तसंच."

एवढ्यात मोबाइल थरथरला आणि दुसऱ्या राज्यात स्वागत केल्याचा संदेश आला. संदेश इंग्रजीत. त्याचं कारणही मला हल्लीच समजलं. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो. त्यात एक ळ जरी घातला तरी सगळा संदेश ७० खुणांवर येतो, पुढं गेला की दोन संदेशांचे पैसे. म्हणून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे दाजी एसएमएसनं पाठवताना इंग्रजी लिपीत पाठवायचे, आणि काही पाहुणे ते वाचून कुणीतरी गेलं समजून पांढरे कपडे घालून आले होते.

पायथन नावाची संगणकाची भाषा तर ह्याच्यापुढची. २०१२ सालापासून तिथं असा नियम आहे, की एका मजकुरात सगळ्यात जाडजूड पाहुणा जो असेल, त्याच्या मापाचं आसन पंक्तीतल्या प्रत्येकाला द्यायचं. सगळे इंग्रजी असतील तर प्रत्येकाला एक बाइट. एक मराठी अक्षर येऊन बसलं की सगळ्यांना दोन. आणि कुणी शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं की सगळ्या पंक्तीला चार-चार. आमच्या ताईचा एकही निरोप हात जोडल्याशिवाय संपत नाही. एवढ्या नम्रतेची किंमत कुठंतरी कुणीतरी भरत असणार असं मला नेहमी वाटायचं. भरतं ते मशीन. अर्थात ह्या खटाटोपाचा फायदा आहे. सगळी आसनं एका मापाची असली की पन्नासावा पाहुणा कुठं बसलाय ते गुणाकारानं कळतं, टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट म्हटल्यावर रिक्षावाल्याला कळतं तसं. यूटीएफ-८ म्हणजे आमच्या शहापूरची जुनी गल्ली. कुठलं घर अरुंद, कुठलं तीन खणी. पन्नासावं हवं असेल तर मारुतीच्या देवळापासून मोजत चालायचं.

"मग पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मराठीमुळंच हळू चालतं म्हणायचं," मी म्हणालो. कारकुनाचं तसं म्हणणं होतं.

भाच्यानं ह्यावर हिशेबच मांडला. हजार-बाराशे सभासदांची नावं तीन बाइटांची असोत नाहीतर तेरा बाइटांची, मशीनला ती चाळायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. कोट्यवधी नावांचा गाडा हाकणाऱ्यांनी ह्या खोल्या मोजाव्यात. आमच्या पतसंस्थेत पावतीला सतरा मिनिटं लागतात, त्यातली दहा कारकून चष्मा शोधतो.

जाताना भाच्यानं एक चिठ्ठी लिहून दिली. गावाचा रकाना २० चा ६० बाइट करावा आणि कापायचंच झालं तर बाइट मोजून न कापता अक्षर बघून कापावं. मी ती चिठ्ठी आणि सोबत पाव किलो कुंदा खिडकीतून आत दिला. चिठ्ठीचं काय झालं माहीत नाही, कुंद्याचं काम झालं. पुढच्या हप्त्याला गेलो तर पावतीवर बेळगावी. अख्खी वेलांटी, तिन्ही बाइट जागेवर, शंकरपाळीचं नाव नाही.

मागं काळ्या टोपीचे आजोबा उभेच होते. त्यांनी माझ्या खांद्यावरनं वाकून बघितलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"निकाल लागला काय वो?"

"नाही आजोबा. जागा वाढवली फक्त."

"किती?"

"चाळीस बाइट."

आजोबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुणाच्या हद्दीतली घेतली?"